घर्षण नाही असं समजा

रात्रपाळीत केबल कारला फारसं कुणी नसतं.
दहानंतर वर जातात दोघंतिघं खाणकामगार,
मँगनीजनं नखं काळी झालेले,
मग तासभर दोर नुसता लोंबतो
क्विरिला नदीच्या दरीवर
आणि मी फोन उभा करते
साखरेच्या डब्याला टेकवून.

तास सतरावा. बंद वाटेवरचं संकलन.
प्रोफेसर उंच, डाव्या बाहीला कायम खडू.
चित्रीकरण बारा वर्षांपूर्वीचं आहे;
पहिल्या बाकावर खोकणारा तो मुलगा
एव्हाना बापसुद्धा झाला असेल,
पण दर तासाला खोकतो, आणि दर तासाला मी म्हणते,
अरे, गरम काही घे रे बाबा.

भाषांतर मशीन करतं, मनाला येईल तसं करतं.
'कर्ल'ला ते केसांची बट म्हणतं.
तीन रात्री मी शोधत होते
बलांच्या त्या क्षेत्रात कुणाची बट सुटली.
चौथ्या रात्री उलगडलं: पाण्यात टाकलेली काडी
स्वतःभोवती किती गरगरते, त्याचं ते माप.
सकाळी उतरून नदीत काडी टाकली.
गरगरली. पुलाच्या खांबामागे तर चांगलीच.

मध्येच थांबून ते विचारतात, समजलं?
वर्गात कुणी बोलत नाही.
'खो,' मी म्हणते. आमच्याकडे हो ला खो म्हणतात.
समजलं नसेल तर मीही गप्प.
दोन्ही वेळा ते तीनच सेकंद थांबतात.

कुतायसीच्या पॉलिटेक्निकात दोन वर्षं काढली होती.
मग एका हिवाळ्यात वीज गेली, गॅस गेला,
आईच्या छातीत पाणी झालं.
कलनाच्या पुस्तकाचे दोन खंड होते घरात.
दुसरा जाड, जास्त वेळ जळेल,
म्हणून आधी तो.
पहिला अजून आहे, कपाटाच्या मोडक्या पायाखाली.
त्याच्या शेवटच्या पानावर, कंसात:
पुढे पाहा, खंड दुसरा.

तीस वर्षांनी पाहतेय.

'फुकट?' गुराम मेकॅनिक म्हणतो,
'त्सियाला, फुकट कुणी कुणाला काही देत नसतं.'
हे तो माझ्या डब्यातली राजम्याची रोटी
खाता खाता म्हणतो.

तर, बंद वाट.
प्रोफेसरांनी फळ्यावर एक वेडावाकडा फुगा काढला.
म्हणाले, गुरुत्वाकर्षणाला वाटेचं घेणंदेणं नाही.
कुठूनही चढा, कितीही वळसे घ्या,
निघालात तिथंच परत आलात
की झालेलं एकूण कार्य शून्य.

सव्वीस वर्षं मी हा डबा वरखाली करते.
वहीत मांडलं: दिवसाला चाळीस फेऱ्या,
वर्षाला तीनशे दिवस,
तीन लाख बारा हजार.
आणि उत्तर शून्य.
हसले.
मग जरा वेळ हसू येईना.

व्हिडिओ मागे नेला. ते सुरुवातीलाच,
फळ्याकडे तोंड करून, हळूच म्हणून गेले होते:
घर्षण नाही असं समजा.

म्हणे घर्षण नाही!
चाकातला पितळी बुश गुराम वर्षातून तीनदा बदलतो.
काढलेला बुश तळहातावर ठेवा,
गोल राहिलेला नसतो,
एका अंगानं कागदासारखा पातळ.
ब्रेकच्या दांड्याचा हिरवा रंग गेलाय
माझी मूठ बसते नेमक्या तेवढ्याच जागी.
आणि माझा उजवा गुडघा. त्याला विचारा शून्य.

पेन्सिलीनं समासात लिहिलं:
घर्षण धरलं तर वाट मोजावी लागते.
जितकी लांब, तितकं जास्त.
खाली दोन रेघा मारल्या.
हे बरोबर आहे की नाही,
अठराव्या तासाला कळेल.

वरून घंटा. दवाखान्यातली नर्स, पाळी संपलेली.
प्रोफेसरांचा खडू हवेतच थांबवते,
दांडा ओढते.
काळोखातून डबा उतरू लागतो, दोर किरकिरतो.
चौथं उदाहरण अजून राहिलंय.